आधी हे होऊ दे

भाऊ, तुझा प्रोग्राम चालतो आहे. आज सकाळी मी मिलच्या डिझाईन रूममध्ये गेले, तुझ्या खुर्चीत बसले, कॉम्प्युटर सुरू केला आणि तो पहिल्या फटक्यात उघडला. एकही एरर नाही, लाल अक्षर नाही. शेठ मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वाह बेन, रविभाई बहु सारुं काम करी गया." मी मान हलवली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. तू असतास तर बाहेरून दार वाजवलं असतंस, की नळ बंद कर, पांडेसऱ्यात आधीच पाण्याची बोंब आहे.

तुझ्या दशक्रियेला लोक काय काय बोलले. मिलमधले बोलले, बमरोलीच्या आपल्या गल्लीतले बोलले. रवी म्हणजे देवमाणूस, रवीने कधी कुणाला नाही म्हटलं नाही. मी ऐकून घेतलं. देवमाणूस वगैरे तू अजिबात नव्हतास. मला तर तू जन्मभर नाहीच म्हणत आलास. गावी रेडिओला हात लावला की नाही, आईच्या शिलाई मशीनला हात लावला की नाही, इथे सुरतेत आल्यावर तुझ्या मोटारसायकलला नाही. आणि बारावी झालेल्या मला अमळनेरकडच्या त्या गावातून उचलून इथे आणणारा, कॉम्प्युटरसमोर बसवणारा, शेठकडे माझ्यासाठी शब्द टाकणाराही तूच. हात लावू नको आणि हातात देतो, दोन्ही तुझंच. तुझ्याशी भांडल्याशिवाय माझा आठवडा सरत नव्हता.

आपलं शेवटचं भांडण अपग्रेडचं. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून इथेच मांडते. तुझं म्हणणं, चालत्या गाडीला हात लावू नये. साडीच्या डिझाईनमधले रंग सुटे करणारा तो प्रोग्राम तू कुठून कुठून तुकडे जमवून उभा केला होतास. लाल वेगळा, हिरवा वेगळा, सोनेरी वेगळा, प्रत्येक रंगाची फिल्म वेगळी निघायची आणि मग त्याची छपाईची स्क्रीन बनायची. तो त्या जुन्या सिस्टिमवर उत्तम चालत होता. माझं म्हणणं, चालतंय याचा अर्थ बरं आहे असा होत नाही. सिस्टिम जुनी झाली होती, फिल्म काढणारा नवीन प्लॉटर ती ओळखत नव्हती, रोज पडद्यावर सूचना यायची की अपग्रेड करा. तू ती सूचना माशी हाकलावी तशी हाकलायचास.

मी तेव्हा कॉम्प्युटरबद्दल बोलत होते. पण तुझ्या पोटाचंही तू तेच केलंस, भाऊ. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा मी म्हटलं, दाखव कुणाला तरी. तू म्हणालास, "चाली राह्यनं ना? मग." त्याचा राग मला अजून येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तुझ्यावर रागावायची सवय आहे, ती एकदम कशी जाईल?

तू दवाखान्यात भरती झालास आणि तुझी खुर्ची माझ्याकडे आली. तेव्हा मी काय केलं हे सगळ्यांना माहीत आहे, लपवण्यासारखं काही नाही. एका दुपारी ती सूचना आली आणि मी 'हो' दाबलं. प्लॉटरचं कारण होतंच. पण खरं सांगायचं तर तू तिथे नव्हतास म्हणून दाबलं. तू परत येशील, खुर्चीत बसशील, सगळं नवंकोरं चालताना बघशील आणि तुला म्हणावंच लागेल की उज्वलाने केलं. त्या शाबासकीसाठी मी तुझ्या आजारपणाची संधी साधली.

अपग्रेड नीट झालं. प्लॉटर ओळखला गेला. पडदा कसा चकाचक दिसत होता. मग मी तुझा प्रोग्राम उघडायला गेले आणि काही उघडलंच नाही. एक ओळ आली, अमुक लायब्ररी सापडत नाही. मला वाटलं, एक फाईल आहे, आणून टाकू. ती आणली तर दुसरी सापडत नाही. दुसरी आणली तर तिसरी. लग्नसराईचं काम अंगावर, खाली छपाईवाले फिल्मची वाट बघतायत, आणि डिझाईन कधी देणार म्हणून शेठ दर थोड्या वेळाने वर येऊन विचारतोय, "बेन, डिझाईन क्यारे आपशो?" शेवटी तोच म्हणाला, "रविभाईने फोन लगाव ने." मला तुला फोन करणंच नको होतं आणि मी तेच केलं.

तू रागावशील म्हणून आधीच आवाज चढवून बोलले मी. तू रागावला नाहीस. तू नुसता खोकलास. मग म्हणालास, "वाच."

पडद्याचा फोटो पाठवते म्हटलं, तर म्हणालास, फोनवरची बारीक अक्षरं आता दिसत नाहीत, तू वाच. मी वाचायला लागले की मधेच माझं सुरू व्हायचं, भाऊ, मला वाटतं हे असं असेल, तसं असेल. "अर्थ नको लाऊ. जे शे ते वाच." एरर म्हणजे शिवी नाही, हे तूच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतंस. त्याला काय पाहिजे ते तो सांगतोय, लोक घाबरून वाचतच नाहीत, म्हणायचास. इंग्रजी अक्षरांत माझा गोंधळ व्हायचा, बी की पी, सी की झी, म्हणून आपण आपली बाराखडी केली होती. पांडेसराचा पी, बमरोलीचा बी, चलथाणचा सी. डिझाईन रूममधले हसायचे. त्या दिवशीही मी सगळं चलथाणचा सी करत करत वाचलं आणि तू पलीकडे खोकत खोकत ऐकलंस.

त्या सगळ्या फोनमध्ये तू मला 'वाच' म्हणत होतास. तुला उलट तो शब्द म्हणावा हे माझ्या मनात एकदाही आलं नाही.

लायब्ररी म्हणजे काय ते मला माहीत होतं. प्रोग्राम सगळी कामं स्वतः करत नाही, काही कामं आधी कुणीतरी करून ठेवलेली असतात, तो ती उसनी घेतो. पण मी फोल्डरमध्ये बघत होते तर फायली तर दिसत होत्या. त्याच नावाच्या, फक्त शेवटचा आकडा वेगळा. मी वैतागून म्हटलं, भाऊ, आहे ना ती इथे, मग हा नाही का म्हणतोय? तेव्हा तू हसलास. दवाखान्यात गेल्यापासून पहिल्यांदा तुझं हसू ऐकलं मी.

"लायब्ररी कोठेच गयी नही, उज्वला. तिनं लगीन व्हयी गयं, नाव बदलनं. हाऊ प्रोग्राम आजून माहेरनं नाव लई हाका मारी राह्यना."

तुझ्याजवळ लता वहिनी बसलेली होती. तीही हसली, आणि बांगड्या वाजल्या, बहुतेक तुला एक चापटी मारली तिने. मला वाटलं, जोक बरा होता म्हणून हसली. मी पण हसले आणि म्हटलं, मग आता काय करू?

तू म्हणालास, एक सोपा रस्ता आहे आणि तो तू करायचा नाहीस. नव्या फाईलवर जुन्या नावाची पाटी लावता येते. प्रोग्राम पाटी वाचतो, खूश होतो, उघडतो. पण आत माणूस दुसरा आहे. तो कधी काय उत्तर देईल सांगता येत नाही. तू म्हणालास, याच्या आधीचा जुना कॉम्प्युटर टेबलाखाली ठेवलाय, त्यातून खऱ्या जुन्या लायब्रऱ्या काढाव्या लागतील, उद्या सावकाश सांगतो, आता दमलो.

उद्यापर्यंत कोण थांबतो? मी पाटी लावली. सगळ्यांवर लावल्या. आणि प्रोग्राम उघडला. शेठने चहा मागवला. तुला फोन करून सांगावं असं मनात आलं आणि मुद्दाम नाही केला. म्हटलं, घरी आल्यावर दाखवू. दुसऱ्या दिवशी पहिली फिल्म लावून साडी छापली, तर बुट्टीचा हिरवा बाजूला सरकलेला. पान एकीकडे, देठ दुसरीकडे. छपाईच्या मास्तराने तो कपडा माझ्यासमोर टेबलावर पसरला आणि निघून गेला.

मग मी तुला तो फोन केला.

सकाळची वेळ होती. वहिनी खाली औषधं आणायला गेली होती, तू एकटाच होतास. तुझा आवाज लांबून आल्यासारखा येत होता, पण मला वाटलं रेंज नाही. मी सरळ कामाचं सुरू केलं. तू म्हणालास, "पाटी लायी ना?" तू रागावला असतास तर बरं झालं असतं. तू म्हणालास, "थांब उज्वला, ते ऱ्हाऊ दे. तुले एक सांगनं व्हतं."

आणि मी म्हटलं, "भाऊ, पहिले हाई व्हऊ दे. शेठ डोकावर उभा शे."

शेठ डोक्यावर उभा नव्हता, भाऊ. शेठ खाली गोडाऊनमध्ये होता. ते मी आपलं म्हटलं, आपण म्हणतो ना तसं.

तू म्हणालास, "बरं. वाच."

मग मी वाचलं. तू सांगितलंस तसं टेबलाखालचं जुनं धूड बाहेर काढलं, त्यातल्या लायब्रऱ्या नव्या कॉम्प्युटरवर एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या, आणि प्रोग्रामला सांगितलं की आधी इथे बघ. सगळ्या खोट्या पाट्या काढल्या. तू मधेच थांबायचास, मला वाटायचं आठवतोयस. पांडेसराचा पी, बमरोलीचा बी. प्रोग्राम उघडला. बुट्टी जागेवर आली, पान देठाला चिकटलं. मी आनंदाने म्हटलं, झालं. तू विचारलंस, "व्हयनं?" मी म्हटलं, "व्हयनं. करस नंतर फोन." आणि ठेवला.

वहिनी वर आली तेव्हा फोन तुझ्या छातीवर होता आणि तू झोपला होतास. ती म्हणाली, दमला बिचारा, झोपू दे. त्या झोपेतून तू नीट जागा झालाच नाहीस. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. मी ज्याला 'नंतर' म्हटलं होतं ते आलंच नाही.

तुझं शेवटचं जागेपण मी रंगांच्या फिल्मा काढायला वापरलं. लोक मला समजावतात, अगं त्याला आवडायचंच ते काम, शेवटपर्यंत कामात होता. असेल. पण तू काम सोडून काहीतरी सांगायला निघाला होतास आणि मी तुला पुन्हा कामाला लावलं, हे त्यांना माहीत नाही. शेठने माझ्याशी असं केलं असतं तर मी त्याला काय काय बोलले असते.

आता पुढचं ऐक, कारण ते याहून वाईट आहे.

तुला घरी आणलं. गल्ली भरलेली. गावाकडची माणसं अजून रस्त्यात होती. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, तिने माझा हात धरला आणि विचारलं, "शेवटला तुन्हासंगेच बोलना तो. काय म्हने?" इतक्या बायका बघत होत्या. तिचे डोळे माझ्या तोंडावर. आणि मी म्हणाले, "तुन्हंच नाव ली राह्यंता, वहिनी. लता, लता करी राह्यंता."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझा हात सोडला, हळूच, आणि पदर डोळ्यांवर ओढला. मला वाटलं, बरं वाटलं तिला. चांगलं खोटं बोललो आपण, असंसुद्धा वाटलं मला, तुझ्या उशाशी बसून.

पुढे अस्थी तापीत सोडल्या, दशक्रिया झाली, गंधमुक्ती झाली, पाहुणे खानदेशात परत गेले. वहिनी माझ्याशी सगळं बोलायची, पण त्याबद्दल अवाक्षर नाही. काल सुट्टी होती. मी तिच्याकडे गेले. ती चहा टाकत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, वहिनी, त्या दिवशी मी खोटं बोलले, भाऊने तुझं नाव नव्हतं घेतलं.

ती म्हणाली, "माले तव्हयच समजनं."

मी विचारलं, कसं?

"त्यानी माले कधी लता म्हनं नही," ती म्हणाली. "ते तुमना घरनं नाव. मी सुमन. दार लायं की सुमन म्हने."

भाऊ, मी खाली बसले. आपल्या आईचं नाव सुमन. सासू आणि सून एकाच नावाच्या कशा चालतील, म्हणून लग्नात नाव बदललं. ताटातल्या तांदळांत तू अंगठीने लता लिहिलंस तेव्हा मी तुझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, कारण ते नाव मीच सुचवलं होतं. मला ते फार छान वाटायचं. आणि तू इतकी वर्षं घरात चारचौघांत तिला 'ऐक ना' म्हणत राहिलास, आणि दार लावलं की माहेरच्या नावाने हाक मारलीस. दवाखान्यात ती कशाला हसली होती ते मला काल कळलं. तिच्या नवऱ्याच्या तोंडी मी असं नाव घातलं जे त्याच्या तोंडी कधीच नव्हतं. तू पाटी लावू नको म्हणाला होतास ना? मी ती तुझ्या मरणावरही लावून आले.

मी म्हटलं, तू बोलली का नाहीस तेव्हाच? ती म्हणाली, "तुन्हाकडे देखं, तू मन्हापेक्षा जास्ती रडी राह्यंती." चहा उतू गेला. तिने फडक्याने ओटा पुसला. मग उरलेला चहा दोन कपांत ओतून माझ्यासमोर येऊन बसली आणि विचारलं, "मग खरं काय म्हने तो?"

आता खोटं बोलायला काही उरलं नव्हतं. मी सांगितलं. थांब म्हणाला, एक सांगायचं होतं म्हणाला, आणि मी म्हटलं, आधी हे होऊ दे. शेठ उभा नव्हता हेही सांगितलं.

मी म्हटलं, वहिनी, काय असेल गं? तुला काही बोलला होता का आधी? ती नाही म्हणाली. मग आम्ही दोघी उगाच अंदाज करत बसलो. मी म्हटलं, पाट्या लावल्याबद्दल झापायचं असेल. ती म्हणाली, त्याला झापायला परवानगी कधीपासून लागायला लागली? ती म्हणाली, गच्चीवरच्या टाकीचं असेल, ती गळते. मी म्हटलं, भरीत-भाकरी मागितली असेल, दवाखान्यातल्या खिचडीला कंटाळला होता. ती हसली, म्हणाली, ते तर माझ्याकडे रोज मागायचा. मग ती म्हणाली, कदाचित त्याला कळलं असेल. पुढचा अंदाज कुणीच केला नाही.

मी तिचे पाय धरायला वाकले तर तिने पाय मागे घेतले. रागाने नाही. तिला ते आवडत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, वहिनी, काही छोटंसंच असेल गं, काही विशेष नसेल. स्वतःची समजूत घालत होते मी, आणि तिच्या लक्षात आलं.

तिने दोन्ही कप बाजूला सरकवले आणि शांतपणे म्हणाली, "काहीबी ऱ्हातं. पन तू ऐकी लेती, तर आज मन्हाजवळ त्याना एक शबद जास्ती ऱ्हाता."